छपरावरच्या पट्ट्या
गच्चीवरच्या टाकीची भेग बुजवायला कारागिरानं रेझिन कालवलं आणि त्या उग्र वासासरशी मला मूल गावाजवळच्या एका गोदामाचं छप्पर आठवलं. ऐंशीच्या दशकात मी एका प्रयोगशाळेत सहायक होते. हेलिकॉप्टरची पाती असंच रेझिन घातलेल्या ज्या फायबरची करायची होती, ते ऊन-पावसात किती वर्षं टिकतं हे पाहायला आम्ही त्याच्या पट्ट्या त्या छपरावर उघड्या बांधल्या होत्या. त्या वर्षी पुरानं रस्ता बंद राहिला, म्हणून मी थेट पावसाळा संपल्यावर पोचले. भोवती धान पिवळं पडत होतं. पट्ट्या तोलल्या, तर वजन जराही वाढलेलं नव्हतं; म्हणजे त्या पाणी प्यायल्याच नव्हत्या. मी हरखले, तेवढ्यात म्हातारे चौकीदार म्हणाले, "बाई, भिजून राह्यल्या होत्या, मले पाहवलं नाई. पावसाळाभर ताडपत्री टाकली, काल काढली."  मी पोस्टातून प्रयोगशाळेतल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "वजन आहे तेच लिहा. कोणाला कळतंय?" मी म्हणाले, "नाही सर. मी नव्या पट्ट्या लावते, पहिल्यापासून." परत आले तर चौकीदारांनी विचारलं, "काऊन बाई, माहं चुकलं का?" मी म्हणाले, "भाऊ, आभाळात हेलिकॉप्टरच्या पात्यांवर ताडपत्री कोण टाकणार?" ते शिडी घेऊन आले आणि मी नव्या पट्ट्या बांधेपर्यंत ती धरून उभे राहिले. आमच्या अहवालात तो एक पावसाळा कोरा आहे, आणि तो कोरा ठेवल्याचं मला आजही बरं वाटतं.