बाळापूरच्या गिटारचा रंग

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात माझ्या गॅरेजात एका जीपच्या बोनेटला पॉलिश मारत होतो. फोनवर नलूवहिनी होत्या, त्याची बायको. "गजाननभाऊ, हे गेले..." एवढंच. मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तोंडून पहिला शब्द निघाला तो शिवीच होता. लेकाचा, न सांगता गेला! आज दीड महिना झाला. राग अजून उतरलेला नाही. तो कोणावर काढायचा, एवढंच बदललं आहे.

अमरावतीतल्या त्याच्या उद्योगाला धंदा म्हणावं की खूळ, हे मला कधी ठरवता आलं नाही. बाप भाजीबाजारात कांदे विकायचा, हा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात इलेक्ट्रिशियन. पण जीव सगळा जुन्या इलेक्ट्रिक गिटारींत अडकलेला. एके काळी वऱ्हाडात लग्नाला, गणपतीला ऑर्केस्ट्रा असायचे. ते एकेक करून बंद पडले आणि त्यांच्या गिटारी माळ्यावर गेल्या. हा सुटीच्या दिवशी मोटरसायकल काढून त्या हुडकत फिरायचा. तिवशाला जा, बाळापूरला जा, कोणाला तरी नवीकोरी गिटार द्यायची आणि बदल्यात त्याची चाळीस वर्षांची मोडकी घ्यायची, असा याचा सौदा. समोरचा येडा गिऱ्हाईक सापडला म्हणून खूश! मग घरामागच्या, पूर्वी कांदे साठवायच्या खोलीत बसून तो ती उघडायचा. आतल्या वायरी बदलायचा, तारांची थरथर पकडणारं पिकअप नव्यानं गुंडाळायचा. नागपूर-पुण्याचे शौकीन लोक आपापल्या जुन्या गिटारी त्याच्याकडे पाठवायचे, कारण याच्या हाताखालून गेलेली गिटार बोलायला लागायची आणि दिसायची मात्र पहिल्यासारखीच.

त्यातली बाळापूरची त्याची सगळ्यात लाडकी. तिथल्या ऑर्केस्ट्रातले एक चाचा तीस वर्षं ती वाजवत आले होते. त्यांचं कोपर घासून घासून एका कडेचा रंग पार उडाला होता, लाकूड दिसत होतं. बाकीचा पांढरा रंग पिवळा पडून तडकलेला. म्हातारपणी चाचांनी ती कोणाला विकली नाही, भास्करच्या हातात दिली. मी एकदा म्हटलं, "अबे, हिले रंग तरी मार. भिकाऱ्यावानी दिसून राहिली." तो हसला. म्हणाला, "आतलं मी बदलतो गज्या. वरचं चाचाचं हाये." आता यात न समजण्यासारखं काय होतं? पण मी पडलो गाड्यांचा पेंटर. मला वाटलं, दोस्ताला फुकटचं काम सांगायला लाजतो.

नऊ वर्षांपूर्वी ऐन नवरात्रात त्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं. निघताना वहिनींनी खोलीची चाबी माझ्या हातात दिली. "खंडेनवमीले ह्यायच्या हत्यारायची पूजा चुकू देऊ नका भाऊ." आपल्याकडे त्या दिवशी पान्यापासून ट्रकपर्यंत सगळं धुऊन-पुसून चकचकीत करून मांडतात. मी नुसतं पुसून कसा थांबणार? बाळापूरची गिटार उचलून अकोल्याला आणली. लाकूड लागेपर्यंत घासली, पुट्टी भरली आणि गाडीचा लाल रंग फवारला, वरून चमक. आमदाराच्या गाडीलाही मी असं काम केलेलं नाही. नवमीला तिला परत त्याच्या खोलीत मांडून झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, हात जोडले आणि म्हटलं, देवा, माझा भास्कर हे पाहायला परत येऊ दे.

तो आला. खोलीच्या दारात उभा राहिला, मग पुढं होऊन गिटारच्या त्या कडेवरून त्यानं बोटं फिरवली. "कोनं केलं?" "मी! तर काय." तो म्हणाला, "चमकून राहिली लेका." आणि खाली बसला. मला वाटलं, गहिवरला.

त्यानंतर ती गिटार त्यानं कापडात गुंडाळून ठेवली. मी गॅरेजात सगळ्यांना सांगत सुटलो, भास्कर माझा रंग किती जपतो पहा! हळूहळू त्याच्याकडे बाहेरच्या गिटारी येणं कमी झालं, मग थांबलंच. मी चिडवायचो, "काहून बे, गिऱ्हाईक आटले का तुये?" तो म्हणायचा, "लोकं आता नवीनच घेतात." मी मान डोलवायचो. बैलासारखी.

तेरवीला नागपूरचे एक डॉक्टर आले होते, जुन्या गिटारी जमवणारे. खोलीत त्यांनी कापड सोडलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "एवढा जाणकार माणूस, आणि इतक्या जुन्या वस्तूचा मूळ रंग खरवडून टाकला! हौस म्हणून मीच रंगवली, असं भास्कररावांनीच मला सांगितलं होतं. मी भांडलो त्यांच्याशी. मग आम्ही सगळ्यांनीच त्यांच्याकडे गिटारी पाठवणं बंद केलं. आपली वस्तू कशी सोपवणार अशा माणसाकडे?"

मी बाजूलाच उभा होतो, हातात बुंदीचा द्रोण. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा "हो ना," म्हणालो. आयुष्यात एवढा नीचपणा मी दुसरा केला नसेल.

आठवड्यानं परत गेलो आणि वहिनींसमोर सगळं ओकून टाकलं. त्या कांदा चिरत होत्या, हात थांबला नाही. "मले माहीत हाये भाऊ. चाबी तर मीच देली होती." मी म्हटलं, मग कोणीच मला काहून नाही बोललं? त्या म्हणाल्या, "ते म्हनत, गज्याले सांगू नको. त्याले जेवन जानार नाही." निघताना त्यांनी ती गिटार माझ्या हातात दिली. मी कोणत्याही गाडीवरचा रंग अर्ध्या दिवसात उतरवतो. हिच्यावरचाही उतरेल, पण खाली काहीच नाही. चाचांची तीस वर्षं मीच घासून झाडून टाकली होती, आणि त्यांच्यासोबत भास्करचं नावही.

भास्कर, तू चुकलास. खरंच चुकलास. त्या दिवशी एक थोबाडीत मारली असतीस तर मी चार दिवस रुसलो असतो, पाचव्या दिवशी नागपूरला जाऊन त्या लोकांच्या पाया पडलो असतो. तुझं काम चालू राहिलं असतं. माझ्या दोन घासांसाठी तू नऊ वर्षं रिकाम्या खोलीत बसलास... कोणी सांगितलं होतं तुला?

तेव्हा जुन्या गिटारींचे जे शौकीन हे वाचत असतील, त्यांनी नीट ऐकावं. भास्करनं त्या गिटारच्या रंगाला कधी नखही लावलं नाही. तो लाल रंग माझा. अकोल्यात कोणत्याही गॅरेजवाल्याला गजानन पेंटर विचारा, पत्ता सांगेल. या, आणि मला शिव्या द्या. त्यानं दिल्या नाहीत.