इंजिन बदललेली गाडी

फ्रिस्कोत आमच्या शेजारी एक रिटायर्ड इंजिनियर काका राहायचे. त्यांच्या गराजमध्ये एकोणसत्तर सालची लाल मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनची जुनी अमेरिकन गाडी होती आणि काकूंची नवी गाडी बाहेर गारा खात होती. शेवटी काकूंनीच लाल गाडी विकायची इंटरनेटवर जाहिरात दिली.

गिऱ्हाईक आलं की काका जुन्या बनियनने बॉनेट पुसत गाडीचं तोंडभरून कौतुक करायचे. सौदा ठरत आला की मात्र हळूच सांगायचे, "इंजिन ओरिजिनल नाही हं, मागच्या मालकाने बदललंय." मूळ इंजिन नसलं की अशा गाडीची किंमत धाडकन पडते. गिऱ्हाईक हळहळत निघून जायचं.

एकदा बॅटरी बदलताना काकांनी मला टॉर्च धरायला बोलावलं. इंजिनवर कोरलेला नंबर मी सहज वाचला, मग पुढच्या काचेखाली कंपनीने कोरलेला गाडीचा नंबर पाहिला. शेवटचे आकडे तंतोतंत जुळत होते, म्हणजे इंजिन मूळचंच होतं.

"टॉर्च इकडे धर रे," काका पुटपुटले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "तू मेकॅनिकलवाला ना? बघ बरं, खरंच बदललंय का इंजिन?"

काकांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचा पाना थांबला.

"हो काकू," मी म्हणालो, "पार दुसऱ्याच गाडीचं बसवलंय."