दहा मिनिटांची घंटा

"रोज दहा मिनिटं ध्यान करा, नाहीतर रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू करू," असं डॉक्टरांनी बजावल्यापासून मी मोबाइलवर घंटा लावून डोळे मिटतो. दुसऱ्याच मिनिटाला एक डोळा उघडून किती वेळ उरला ते बघतो. बायको म्हणते, "तुमचं सगळं ध्यान घड्याळात!"

आमची मासेवाली मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात बसते. भाव करताना तिच्या तोंडापुढे कुणाचा टिकाव लागत नाही; पण मासा विळीला लागला की ती गप्प. मग तिचा फोन वाजो, नाहीतर गिऱ्हाईक ओरडो. एकदा मी कारण विचारलं. तिने आधी मासा संपवला, विळी आडवी ठेवली आणि मगच डाव्या हाताचं एक बोट दाखवलं. अर्धं पेर नव्हतं.

"एकदाच बोलली होती, भाऊ."

रविवारी घरचं ध्यान राहिलं, म्हणून तिथेच रिकाम्या खोक्यावर बसून घंटा लावली. त्या गर्दीत डोळे काय मिटणार? तिचे हात बघत बसलो. तांबोशीचं एकेक खवलं उडत होतं.

तिने विळी आडवी ठेवली.

"भाऊ, तुमचा फोन मघापासून बोंबलतोय. ऐकू येत नाय काय?"