खाकी कव्हरातला नावाडी

चिंचेच्या पाण्यानं पितळ घासलं की बोटांना एक आंबट, ओलसर वास चिकटतो आणि दिवसभर जात नाही. गेल्या काही महिन्यांत मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पानांना तो वास आहे. हिमालयातल्या पायवाटांचं एक प्रवासवर्णन वाचलं, तेव्हा भंडाऱ्याच्या बाजारात भर उन्हात माझ्या पाठीतून थंडी गेली. एका विधवेचं आत्मचरित्र वाचलं. तिनं कुणालाच दोष दिला नाही, याचा मला फार राग आला. माणसानं इतकं गिळावं का? मी चौथीत शाळा सोडली, डोक्यावर घागरी घेऊन गावोगाव फिरलो, आणि ज्यानं ज्यानं मला फसवलं त्याचं नाव मला आजही पाठ आहे!

ही पुस्तकं आणून देणारे मधुकरराव, जवाहरनगरच्या कारखान्यातले कारकून. दर रविवारी ते बसनं येत, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवत आणि आधीचं कसं वाटलं ते विचारत. माझ्या भांड्यांच्या दुकानात येणारे बाकी सगळे मला भाव विचारीत. मत विचारणारा हा एकच. त्या तासाभरासाठी मी अख्खा आठवडा ढकलीत असे, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

सांगणार कसं? जुनी भांडी विकत घेणाऱ्याची जीभच निराळी असते. भांडं बोटानं वाजवावं, त्याचा नाद मनात भरावा, आणि लगेच तोंड वाकडं करावं: बूड झिजलंय, काठ चेपलाय. जितकं मन बसलं तितक्या खोडी जास्त. पुस्तकांबद्दलही मी तसाच बोलत आलो.

मग ते नावाड्याचं पुस्तक आलं. खाकी कागदाच्या आत मुखपृष्ठ नव्हतं, पहिलं पानही नव्हतं. वैनगंगेवर पूल होतो, डोंग्याकडे कुणी फिरकत नाही, तरी म्हातारा रोज पहाटे डोंगा धुऊन ठेवतो, एवढीच गोष्ट. पण काय सांगू! मी वाचत होतो तेव्हा आंदणाची भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी मान वर केली नाही. ते निघून गेलं.

आणि रविवारी मी काय म्हणालो? “म्हातारा फार रडतो बाप्पा. अन् शेवट तर पाण्यातच गेला. निम्म्यात भागलं असतं.” म्हातारा पुस्तकभर एकदाही रडत नाही. मधुकररावांनी “असं?” म्हणून पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि चहा न घेता गेले.

तीन रविवार ते आले नाहीत. मग कारखान्यातला एक कामगार घागर घ्यायला आला. म्हणाला, “शेटजी, आमच्या बाबूंनी पुस्तक लिहिलं ना, डोंगेवाल्याचं. तुमाले नाही देलं काय?”

माझं डोकं फिरलं. नाव लपवून माल दाखवायचा, ही कुठली रीत? तसाच बस पकडून त्यांच्या क्वार्टरवर गेलो.

“मले काहून नाही सांगितलं?” मी दारातूनच ओरडलो. “पान फाडून परीक्षा घेता माझी?”

“नाव पाहून गोड बोलले असते तुमी,” ते शांतपणे म्हणाले. “मले खरं पाहिजे होतं. भेटलं.”

“ते खरं नोहोतं!”

“मंग काय होतं, शेटजी? वाचून राहिले होते, का भाव करून राहिले होते?”

शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबली. बाजारात मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. इथं मात्र माझा आवाज खाली आला.

“तुमच्या म्हाताऱ्यापायी आंदणाचं गिऱ्हाईक गेलं माझं,” मी म्हणालो. “मान वर नाही केली मी.”

दारात आलेलं गिऱ्हाईक मी सोडीत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

“पुस्तक द्या,” मी म्हणालो. “नावासकट वाचाचं आहे.”

“ते पान चुलीत गेलं.”

“मंग हातानं लिहा.”

त्यांनी आधी सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्या दुपारी ते आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि मी पायरीवर बसून राहिलो. अखेर पुस्तक हाती आलं. आता पहिलं ठरलेल्या पानावर, वरच्या कोऱ्या जागेत त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं. शाई अजून ओली होती. ‘अक्षर फार बारीक आहे’ हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले.