पिंपळाभोवती भरभर

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मुलुंडला आमच्या घरासमोरच्या पिंपळाला एक तरुण विधवा रोज सकाळी प्रदक्षिणा घालायची. पदर खोचून, हात झुलवत, घामाघूम होईपर्यंत. नाव मी कधी विचारलं नाही. आम्हा सगळ्यांना ती फार भाविक वाटायची.

एकदा शेजारच्या देवळातल्या पुजारीबुवांनी तिला अडवलं. “बाई, प्रदक्षिणा सावकाश घालावी. ही काय शर्यत आहे?”

ती जागच्या जागी पावलं टाकत म्हणाली, “प्रदक्षिणा नाहीच ही, बुवा. घरात कोपऱ्यात बसले की मागची विहीर डोळ्यांसमोरून हलत नाही. इथे घाम गाळला की दिवस नीट जातो. नुसती रस्त्याने फिरले तर तुम्हीच नावं ठेवाल, म्हणून पिंपळ.”

“पाप लागेल,” बुवा पुटपुटले.

“लागू दे. व्हा बाजूला, अंग गार पडतंय माझं.”