'होय' दाबण्यास मंजुरी मिळणेबाबत

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. पण तुम्ही चहा मागवलाय, आणि मला रिटायर होऊनही बरीच वर्षं झालीत, तेव्हा ऐका. एवढा रीतसर गाढवपणा अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला नसेल.

आपला जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी तालुक्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क. वरून हुकूम आला, सगळ्या कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटरवर ट्रेनिंग घ्यायचं. मास्तर नाही, वर्ग नाही. सीडी घालायची, पडद्यावर धडा सुरू होतो आणि आतली बाई गोड आवाजात शिकवते. पंधरा धडे, मार्चअखेर संपवायचे. जिम्मेदारी कुणावर? अर्थात माझ्यावर.

यंत्राला हळदकुंकू वाहून पहिला मी बसलो. आतल्या बाईने माउस कसा धरायचा ते सांगितलं, फाईल कशी उघडायची ते सांगितलं. धडा संपला आणि पडद्यावर प्रश्न आला, 'आपणास हा धडा समजला का?' खाली दोन चौकोन. होय आणि नाही.

माझा हात थांबला. चोवीस वर्षं नोकरी झालेली. साहेबांच्या सहीशिवाय मी कधी कशाला 'होय' लिहिलं नव्हतं. उद्या ऑडिटवाल्याने विचारलं, कुणाच्या आदेशाने होय म्हणालात, तर? 'नाही' म्हटलं म्हणून सस्पेंड झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी 'नाही' दाबलं. आतल्या बाईने अजिबात न चिडता तोच धडा पहिल्यापासून सुरू केला.

मग मी टिपणी लिहिली. विषय: 'होय' दाबण्यास मंजुरी मिळणेबाबत. साहेब बैठकीच्या घाईत होते. त्यांनी न वाचताच शेरा मारला, 'वरिष्ठांचे मार्गदर्शन घ्यावे.' मी पत्र वर पाठवलं आणि कचेरीत बजावलं, उत्तर येईपर्यंत सगळ्यांनी 'नाही'च दाबायचं.

हसू नका. सगळ्यांनी ऐकलं. नऊ माणसं आणि रोज धडा पहिला. आमच्या शिपायालासुद्धा तो तोंडपाठ झाला.

अडचण झाली ती चव्हाण बाईंची. पुसेगावकडच्या एका तांड्यावरच्या. नवरा नोकरीत असताना वारला, म्हणून अनुकंपावर त्याच्या जागी लागलेल्या. पदरात दोन लेकरं. मार्चअखेर ट्रेनिंग पुरं केलं तरच त्या कायम होणार होत्या, नाहीतर घरी. फेब्रुवारी सरत आला तशा त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"भाऊसाहेब, मला समजून राहिलंय सगळं. मग व्हय म्हणायला काय तकलीफ हाय?"

"बाई, तुम्हाला समजलं हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"मंग कोण ठरवणार?"

"वरून मार्गदर्शन येईल."

"अन् न्हाई आलं तर?"

"तर स्मरणपत्र पाठवू."

त्या जागेवर जाऊन बसल्या. मला वाटलं, पटलं.

मार्चच्या मध्यात कळलं की बाई रोज कचेरीच्या वेळेआधी तासभर येतात आणि त्यांचे पंधराही धडे झालेत. परस्पर! मी असा तापलो म्हणता. खरं सांगू? नियम मोडला याचा राग नव्हता तो. माझ्यावाचून त्यांचं अडलं नाही, याचा होता. मी तिथल्या तिथे नोटीस काढली. विनापरवानगी 'होय' म्हटल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.

संध्याकाळी खुलासा आला. एकच ओळ. 'मला समजले होते, म्हणून मी होय म्हटले.'

तो कागद मी फाईलला लावायला घेतला आणि पुन्हा वाचला. चोवीस वर्षांत हजारो कागद हाताखालून गेले. 'नियमानुसार' होतं त्यांच्यावर, 'आदेशान्वये' होतं. मला समजलं म्हणून मी केलं, असं एकानेही लिहिलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. आणि मी निघालो होतो या बाईच्या लेकरांच्या तोंडचा घास काढायला. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाईंना कायम करण्याची फाईल मी स्वतः साहेबांपुढे ठेवली, सोबत नोटीस आणि खुलासाही ठेवला. बाई बाजूला उभ्या होत्या. साहेबांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि फाईलवर सही केली.

"झालं तुमचं काम, बाई," ते म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "टेकाळे, दोन महिने तुम्ही तो एकच धडा ऐकताय. तुम्हाला तरी समजला का?"

इथे काय बोलायला पाहिजे ते मला चांगलं ठाऊक होतं. रात्रभर तोच विचार केला होता मी. सरळ उभा राहिलो, घसा साफ केला.

"साहेब म्हणतील तसं," मी म्हणालो.