नळ खाकरला

आक्का आधी कान लावायची, मग हात. नळाला म्हणते मी. आमच्या बीडच्या गल्लीत नळ कधी आठवड्यानं येतो, कधी पंधरवड्यानं, त्याची मर्जी. पाणी यायच्या आधी कोरड्या पाइपातून हवा येते, खर्र, घुर्र, एखाद्या म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तशी. तो आवाज सगळ्या गल्लीत आधी आक्काला ऐकू यायचा. मग पदर खोचून ती दारोदार ओरडत निघायची, "खाकरला गं, खाकरला! भांडी काढा!"

तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेलच. नसेल तर तुमचं पाणी कसं भरतं ते मला कळत नाही.

आक्का माझ्या समोरच्या दारात राहायची. माझ्याहून मोठी, अंगानं काटकुळी, आवाज मात्र दोन गल्ल्या पलीकडे जाणारा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. माहेर शिरूर कासारकडचं. "आमच्याकडं ढग येतेत, तोंड दाखवतेत अन् पाव्हण्यावानी निघून जातेत," म्हणायची.

गल्ली सोडून ती कुठं जात नसे. गेली आणि नळ आला तर? एकदा भाचीच्या लग्नाला गेली, अक्षता टाकल्या आणि पंगतीला न बसता परत. मी विचारलं, "कावून गं, जेवली नाहीस?"

"मांडवात बसले अन् कानात खर्र झालं."

"मग? आला होता का नळ?"

"न्हाई गं. बँडवाला पिपाणी साफ करायलता."

हसून हसून आमची पोटं दुखली. तीही हसली, पण हसता हसता एक कान दाराकडं होताच.

एका दुपारी ती माझ्याकडं तांदूळ निवडत बसली होती. टीव्हीवर कुठल्याशा डोंगराचं चित्र लागलं. पावसाळ्यातलं. रस्त्यानं माणसं चाललीत आणि चालता चालता पांढऱ्या ढगात नाहीशी होताहेत. आक्काचा हात ताटात थांबला.

"त्या ढगात मानूस शिरतो का गं? खरंच?"

"शिरतो की."

"मला एकदा शिरायचंय," ती म्हणाली, आणि लगेच खाली बघून खडे शोधायला लागली. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलेलं ते पहिलंच.

त्याच वर्षी तिच्या मुलानं सांगून टाकलं, दिवाळी झाली की आईला पुण्याला नेणार. गुडघे दुखायला लागले होते, एकटीनं कसं राहायचं? म्हणजे गल्लीतला तिचा हा शेवटचा पावसाळा. ढगात शिरायचं तर आत्ताच. आम्ही बायकांनी ठरवलं, म्हैसमाळचा डोंगर. क्रूझर गाडी सांगायची, एक रात्र राहायचं, दुसऱ्या दिवशी परत.

आक्का म्हणाली, "समद्याच चालल्या तर नळाकडं कोन बघंल?"

"पुरुष आहेत की."

त्यावर तिनं असं तोंड केलं, की विचारू नका.

शेवटी माझ्या घरचे पुढं झाले. हे निवृत्त मास्तर, एका कानानं कमी ऐकतात. आक्कानं त्यांची नळापाशी शिकवणी घेतली. हे वाकून कान लावायचे, तो नेमका बहिरा.

"मास्तर, दुसरा कान!"

"हाच दुसरा हाय, आक्का."

"मंग तिसरा लावा!"

निघायच्या सकाळी ती रिकामी कळशी घेऊन गाडीत चढली. मी म्हटलं, "अगं, पावसाच्या डोंगरावर कळशी कशाला?"

"पाण्याकडं रिकाम्या हातानं जातेत का कुठं?"

म्हैसमाळला पोचलो तेव्हा पाऊस लागलेला होता. सुट्टीचा वार नव्हता, त्यामुळं माणूस दिसेना. ओले दगड, ओलं गवत, मक्याची कणसं भाजणारी एक बाई आणि आमचा कलकलाट. खोल्यांच्या पुढं पत्र्याच्या पागोळ्या गळत होत्या. आम्ही चहाला बसलो तोवर आक्कानं पागोळीखाली कळशी लावली. मग न्हाणीतली बादली. मग चहावाल्याचा जग मागून आणला. तो बिचारा म्हणाला, "मावशी, इथं नळाला चोवीस तास पानी हाय."

"असंल. मंग हे सांडू द्यायचं व्हय?"

ढग मात्र त्या दिवशी जवळ आला नाही. समोरच्या दरीपलीकडं पसरून होता. आक्का दोनदा कड्याच्या कठड्यापर्यंत जाऊन बघून आली. "हाय, पन लांब हाय," म्हणाली आणि गप्प जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी शेवटचं म्हणून आम्ही सगळ्या कठड्यापाशी गेलो. फोनला रेंज तेवढ्याच जागेवर यायची. आणि तिथं पोचतोय तोच माझा फोन वाजला. हे होते.

"आक्काला दे. काहीतरी वाजायलंय. नळ हाय का माझा कान, तेच कळंना."

आक्कानं फोन ओढूनच घेतला. "मास्तर, फोन नळाला लावा. तोंडाशी धरा. तुमच्या न्हाई, नळाच्या!"

फोन कानाशी दाबून, डोळे मिटून ती उभी राहिली. आम्ही तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. आणि तिचा चेहरा उजळला. "खाकरला! मास्तर, वरडा गल्लीत! पळा!"

बीडात आमचे हे ओरडत पळाले आणि इकडं, तुम्हाला सांगते, दरीतून ढग उठला. बघता बघता कठडा गेला, झाडं गेली, शेजारची गेली, आक्काही दिसेनाशी झाली. सगळं पांढरं आणि त्या पांढऱ्यातून तिचा तेवढा आवाज, "पयलं गढूळ जाऊ द्या! मंग प्यायचं भरा! पिंपाचं झाकन काढलं का? माझ्या दारातला रांजन इसरू नका!"

मग फोन बंद झाला. आणि एकदम शांत.

"अगं बायांनो," आक्का म्हणाली, आवाज बारीक झालेला, "तुमी समद्या कुठं गेल्या?"

"इथंच आहोत. तू ढगात आहेस, आक्का."

मी चाचपडत पुढं गेले तर ती दोन्ही हात पसरून उभी. भुवयांवर थेंब, केसांवर थेंब. पदर भिजून जड झालेला. तिनं त्याचं टोक पिळलं, ओंजळीत पाणी आलं. ते तिनं माझ्या तोंडावर उडवलं आणि लहान पोरीसारखी खिदळली.

मी चिडवलं, "धर की मग, कळशी आणू का?"

"राहू दे गं," आक्का म्हणाली. "सांडू दे. लई हाय."

परत आलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुषांनी हंडे, बादल्या तर भरल्याच होत्या, पण कढया, परातीसुद्धा भरल्या होत्या. माझ्या खलबत्त्यातही पाणी.

"मास्तर, खलात कावून भरलं?"

"रिकामा दिसला, आक्का."

"पास," आक्का म्हणाली.

दिवाळीनंतर ती पुण्याला गेली. तिथं फ्लॅटमध्ये नळ सोडला की पाणी. तिला करमत नाही. फोनवर म्हणते, "हितला नळ मुका हाय गं. खाकरतच न्हाई."

म्हणून आता आमचा नळ आला की मी आधी तिला फोन लावते आणि फोन नळापाशी धरते. परवाही धरला. खर्र, घुर्र, मग हंड्यात धार. तिकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, फोन कट झाला असेल. तिच्या बंद दाराकडं बघत मी तशीच फोन धरून बसले.

तेवढ्यात फोनमधून ओरडली, "अगं, हंडा भरला की! आवाज बदलला त्याचा! काय करायलीस?"

खाली बघितलं, तर पाणी माझ्या पायावरून चाललेलं.